सुलभ इतिहास कशास म्हणावें?

आमच्या एका स्नेह्यांना इतिहासवाचनाचा मोठा नाद आहे. मागें एकदां आम्हीं त्यांना मेरी बिअर्ड या इंग्रज विदुषींचें ‘एस्. पी. क्यू. आर्.’ हें प्राचीन रोमच्या इतिहासाचें पुस्तक वाचावयास दिलें. महिन्याभरानें तें परत करतांना ते म्हणाले, “बाई लिहितात फार छान, पण दर दोन-चार पानांआड ‘हें आपणांस ठाऊक नाहीं’, ‘हें खात्रीनें सांगतां येत नाहीं’ असें चाललेलें असतें. ठाऊक नसेल तर पांचशेंहून अधिक पानें लिहावयाचीं तरी कशाला?” स्नेही विनोदानें बोलले खरे, परंतु त्यांचा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं, असें आम्हांस तेव्हांपासून वाटत आलें आहे. सामान्य सुशिक्षित वाचकासाठीं लिहिलेल्या इतिहासानें त्याला निश्चित उत्तरें द्यावीं, कीं उत्तरें कशीं शोधावयाचीं तें दाखवावें? सुलभ इतिहास म्हणावें तरी कशास? बिअर्डबाईंच्या पुस्तकांचा परामर्श याच प्रश्नाच्या अनुरोधानें घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सुलभपणाचे प्रकार दोन. घरीं पाहुणा आला म्हणजे फणस आंतल्या आंत फोडून, चीक पुसून, निवडक गरे ताटलींत घालून त्याच्यापुढें ठेवण्याची चाल आहे. बहुतेक सुलभ इतिहास याच चालीचे असतात. पंडितांचे वाद, साधनांतील विसंगति, अर्धवट तुटलेले शिलालेख हा सगळा चीक माजघरांतच राहतो आणि वाचकाच्या हातीं गोड गरा तेवढा येतो. तो खातांना बरा लागतो. पण फणस ही काय वस्तु आहे हें त्या पाहुण्याला कधींच कळत नाहीं. दुसरा प्रकार असा कीं, पाहुण्यालाच आंत बोलवावें, त्याच्या हाताला तेल लावावें, विळी पुढें सारावी आणि म्हणावें, ‘बसा, आपण दोघे मिळून फोडूं.’ बिअर्डबाईंचा सुलभपणा या दुसऱ्या प्रकारचा आहे. हाताला तेल लावण्याचें काम त्यांची साधी, हंसरी, बोलकी भाषा करते.

बाईंचा जन्म १९५५ सालचा. केंब्रिज येथील न्यूनम या स्त्रियांच्या कॉलेजांत त्या शिकल्या, १९८४ पासून तेथेंच त्यांनीं अध्यापन केलें, २००४ सालीं त्या विद्यापीठांत प्राध्यापक झाल्या आणि २०२२ सालीं निवृत्त झाल्या. ग्रीक व लॅटिन यांचें ज्ञान हें इंग्लंडांत दीर्घकाळ वरिष्ठ वर्गाच्या मुलांचें लेणें समजलें जात असे. त्या विद्येचें दार सर्वांस उघडून देण्याचें काम बाईंनीं ग्रंथांतून, नियतकालिकांतून आणि दूरचित्रवाणीवरून केलें. ‘पार्थेनॉन’ (२००२), ‘रोमन विजययात्रा’ (२००७), ‘पॉम्पेई’ (२००८), ‘प्राचीन रोममधील हास्य’ (२०१४), ‘एस्. पी. क्यू. आर्.’ (२०१५), ‘स्त्रिया आणि सत्ता’ (२०१७) व ‘रोमचा सम्राट’ (२०२३) हीं त्यांचीं प्रमुख पुस्तकें होत. पुस्तकें इंग्रजींत आहेत. नांवें वाचकांच्या सोयीसाठीं आम्हीं मराठींत दिलीं आहेत. ‘पॉम्पेई’ला इतिहासलेखनाचें वुल्फसन पारितोषिक मिळालें.

‘एस्. पी. क्यू. आर्.’ हीं ‘रोमची सेनेट आणि रोमची जनता’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांचीं आद्याक्षरें. रोमचा इतिहास सांगावयाचा म्हणजे लांडगीच्या दुधावर वांचलेल्या रोम्युलस व रीमस या जुळ्या भावांपासून सुरुवात करावयाची, असा शिरस्ता आहे. बाई तो मोडतात. त्यांचा पडदा उघडतो तो इ. स. पूर्वीं ६३ या वर्षीं. त्या वर्षींचा कॉन्सल सिसेरो हा सेनेटच्या सभेंत कॅटिलाइन नांवाच्या कर्जबाजारी सरदारावर राष्ट्रद्रोहाचा आरोप ठेवून कडाडत आहे. पुढें कट उघडकीस येतो, पांच कटवाल्यांना चौकशीवांचून देहान्त शिक्षा होते, कॅटिलाइन नव्या वर्षाच्या आरंभीं लढाईंत पडतो आणि सिसेरो राष्ट्राचा त्राता ठरतो. येथवर कथा नेहमींचीच आहे. परंतु येथें बाई हळूच विचारतात: ही हकीकत आपणांस सांगितली कोणीं? मुख्यतः सिसेरोनेंच! त्यानें आपलीं भाषणें लिहून प्रसिद्ध केलीं. इतकेंच काय, स्वतःच्या कारकीर्दीवर काव्यहि रचलें. सॅलस्ट हा दुसरा साक्षीदार. पण त्यानें लिहिलें तें वीसएक वर्षांनंतर. कॅटिलाइनच्या पक्षाचें म्हणणें आपणांपर्यंत पोंचतें तें बहुतांशीं त्याच्या शत्रूंच्या तोंडून.

मग कट खरोखरच एवढा भयंकर होता, कीं आपलें नांव अजरामर व्हावें म्हणून सिसेरोनें तो फुगविला? बाई निकाल देत नाहींत. पुरावा दोहों बाजूंनीं मांडून त्या वाचकालाच पंचाच्या आसनावर बसवितात, आणि मग त्या दूरच्या सभेंतील प्रश्न वाचकाचा स्वतःचा होतो. नागरिकांचे जीव चौकशीवांचून घेतले म्हणून इ. स. पूर्वीं ५८ मध्यें सिसेरोला हद्दपार व्हावें लागलें आणि त्याचें घर पाडण्यांत आलें. पुढील वर्षीं तो परत आला. राज्याच्या रक्षणासाठीं कायदा किती वांकवावा, हा त्या वेळीं निघालेला वाद कोणत्याहि देशांत अद्याप मिटलेला नाहीं. वाचक निकाल सिसेरोच्या बाजूनें देवो वा विरुद्ध देवो, तो देतांना आपण कोणाच्या साक्षीवर विसंबलों आहों हें त्याला आतां विसरतां येत नाहीं. निश्चित उत्तरानें हा परिणाम झाला असता काय?

यानंतर बाई मागें वळून रोम्युलसकडे येतात. लिव्हीनें रोमचा इतिहास लिहावयास घेतला तो ऑगस्टसच्या काळीं, म्हणजे परंपरेनें मानलेल्या इ. स. पूर्वीं ७५३ या स्थापनावर्षानंतर सुमारें सातशें वर्षांनीं. यांतील अडचण मराठी वाचकास फोड करून सांगावयास नको. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून बखर आणि अस्सल कागद यांतला भेद आमच्या अंगवळणीं पडला आहे. परंतु बखर अविश्वसनीय ठरली म्हणजे ती टाकूनच द्यावयाची काय? रोमपुरतें बाईंचें उत्तर नकारार्थी आहे. रोम्युलसच्या कथेवरून इ. स. पूर्वीं आठव्या शतकांत काय घडलें हें कळत नाहीं. पण ती कथा पिढ्यानपिढ्या सांगणाऱ्या रोमनांना स्वतःविषयीं काय वाटत होतें हें मात्र कळतें. कथेंत भाऊ भावाचा वध करतो. ज्यांनीं पुढें यादवी युद्धें भोगलीं त्यांना तो आपल्या रक्तांतलाच दोष वाटला. कथेंत रोम्युलस पळून आलेल्या व परागंदा झालेल्या लोकांना आसरा देऊन शहर वसवितो; उपऱ्यांना आणि मुक्त केलेल्या गुलामांनाहि नागरिक करून घेणाऱ्या राष्ट्राला ती आपली जन्मखूण वाटली. शिवाय लॅटिनमध्यें ‘लूपा’ या शब्दाचा अर्थ लांडगी असाहि होतो व वारांगना असाहि होतो, याची आठवण खुद्द लिव्हीच करून देतो! संशय हा आधुनिकांनीं काढलेला खोडसाळपणा नव्हे, हें पाहून वाचकाला धीर येतो.

आसऱ्याचा हा धागा बाईंनीं शेवटपर्यंत हातचा सोडलेला नाहीं. इ. स. २१२ सालीं कॅराकॅला या बादशहानें साम्राज्यांतील सर्व स्वतंत्र रहिवाशांस रोमचें नागरिकत्व देऊन टाकलें. तीन कोटींहून अधिक माणसें त्यामुळें एका रात्रींत रोमन झालीं, असें बाई म्हणतात. आणि तेथेंच पुस्तक संपवितात. रोमच्या पतनाची वर्णनें वाचण्यास सरावलेल्या वाचकाला हा शेवट चमत्कारिक वाटेल. पण जें शहर पळपुट्यांना आसरा देऊन वसलें अशी कथा होती, तें अखेर सर्व साम्राज्याचें गांव झालें, एवढीच बाईंना सांगावयाची गोष्ट होती. ती तेथें पुरी झालेली आहे.

‘पॉम्पेई’ हें आमच्या मतें बाईंचें सर्वांत रसाळ पुस्तक. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलेलें हें शहर म्हणजे ऐन दुपारीं बंद पडलेलें घड्याळ, अशी सर्वसाधारण कल्पना असते. बाई ती पदर पदर करून उलगडतात. इ. स. ६२ च्या सुमारास भूकंपानें शहर खिळखिळें झालें होतें व कित्येक घरांची डागडुजी चालू होती. उद्रेकाचीं चिन्हें दिसूं लागतांच पुष्कळ लोक चीजवस्तु घेऊन निघून गेले. तेव्हां घरें ओकींबोकीं दिसतात तीं रोमनांना सामानसुमान कमी लागे म्हणून नव्हे. मागाहून लोकांनीं राखेंत भुयारें खणून वस्तु काढून नेल्या. अठराव्या शतकांत उत्खनन सुरू झालें, तेव्हां खणणाऱ्यांनीं भिंतींवरचीं आवडलेलीं चित्रें कापून काढलीं. १९४३ सालीं दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीं येथें बाँब टाकले. प्रवासी आज ज्या भिंती प्राचीन म्हणून न्याहाळतात त्यांतल्या कांहीं त्यानंतर पुन्हां उभारलेल्या आहेत. उद्रेकाची तारीखसुद्धां पक्की नाहीं. २४ ऑगस्ट ही रूढ तारीख. परंतु उद्रेक त्यानंतर झाला असावा, असा संशय बाईंनीं २००८ सालींच नमूद केला होता, आणि २०१८ सालीं एका भिंतीवर कोळशानें लिहिलेला मजकूर सांपडल्यापासून पारडें ऑक्टोबरकडे झुकलें आहे.

इतकें सगळें वजा केल्यावर शिल्लक काय राहतें? आश्चर्य असें कीं, पुष्कळ राहतें, आणि जें राहतें तें अधिक जिवंत वाटतें. रस्त्यांतल्या घाणपाण्यांतून पाय न भिजवितां पलीकडे जातां यावें म्हणून बसविलेले उंच दगड, दगडी फरशींत गाड्यांच्या चाकांनीं पडलेल्या चाकोऱ्या, गल्लोगल्लीचे भटारखाने, भिंतींवर रंगविलेल्या निवडणुकीच्या जाहिराती, हें सारें बाई बोटानें दाखवीत नेतात. एका मद्यगृहाच्या भिंतीवर चित्रांची माला आहे. फांसे खेळणारे दोघे हातघाईवर आले आहेत, मालक त्यांना भांडण बाहेर जाऊन करा म्हणून हुसकून लावीत आहे, आणि आजच्या व्यंगचित्रांप्रमाणें प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचें बोलणें लिहिलेलें आहे. सीझर-पॉम्पीच्या इतिहासांत या माणसांना जागा नसते. बाईंच्या पुस्तकांत ती आहे.

सामान्य माणसाकडे असलेला हा ओढा सर्वांत हृद्य झाला आहे तो एका थडग्याच्या दगडाच्या हकीकतींत. इंग्लंडच्या उत्तरेस साउथ शील्ड्स येथें एक स्मारकशिला सांपडली. इ. स. दुसऱ्या शतकांत सीरियांतील पॅल्मिरा शहराच्या बॅरेटीस नांवाच्या माणसानें ती आपल्या बायकोसाठीं उभारली. बायकोचें नांव रेजायना. ती दक्षिण ब्रिटनमधील एका टोळींतली, पूर्वीं त्याचीच गुलाम, मग त्यानें मुक्त केलेली, आणि वयाच्या तिसाव्या वर्षीं वारलेली. मजकूर लॅटिनमध्यें आहे. पण खालीं त्यानें आपल्या मायबोलींतहि एक ओळ कोरविली आहे. त्या थंड मुलखांत ती ओळ वाचूं शकणारे कितीसे लोक असतील? हजारों मैलांवरून हा माणूस तेथें काय करावयास आला, बायकोला तो प्रेमानें वागवी काय, तिला या लग्नांत ‘नाहीं’ म्हणण्याची मुभा होती काय, यांतलें कांहींहि दगड सांगत नाहीं. कादंबरीकार येथें कल्पनेनें भर घालील. इतिहासकारानें घालूं नये. आणि न घातल्यामुळेंच ती मायबोलीची एक ओळ मनांत घर करून राहते.

ग्रीकांविषयीं बाईंनीं तुलनेनें थोडें लिहिलें आहे. पण जें लिहिलें तें याच पद्धतीचें आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराकडे आपण पेरिक्लीसच्या काळचें शिल्प म्हणूनच पाहतों. बाई आठवण देतात कीं, ही वास्तु पुढें शतकानुशतकें ख्रिस्ती चर्च होती, नंतर मशीद झाली, आणि १६८७ सालीं व्हेनिसच्या सैन्याच्या तोफगोळ्यानें आंतील दारूचा साठा पेटून तिचा मधला भाग उडाला. आपण पाहतों तो अवशेष या साऱ्या आयुष्याचा आहे, एकट्या पेरिक्लीसच्या काळाचा नव्हे. ‘स्त्रिया आणि सत्ता’ या छोटेखानी पुस्तकाचा आरंभ होमरच्या ‘ओडिसी’पासून होतो. घरीं गाणें चाललें असतां पेनेलोपी गायकाला दुसरें गीत गावयास सांगते, आणि तिचा मिसरूड फुटलेला मुलगा टेलेमाकस तिला चारचौघांत गप्प करून माडीवर मागाकडे पाठवितो. बोलणें हें पुरुषांचें काम! पाश्चात्य वाङ्मयाच्या अगदीं आरंभीं हा प्रसंग आहे, याकडे बाई लक्ष वेधतात. आमच्या घरांतील कित्येक बायकांना हा प्रसंग समजावयास टिपेची गरज पडणार नाहीं.

येथवर आम्हीं गुण सांगितले. आतां जें खटकलें तेंहि सांगणें प्राप्त आहे. पहिली गोष्ट, ज्या ग्रंथकर्त्रीनें वाचकाला पदोपदीं ‘हें कशावरून?’ असें विचारावयास शिकविलें, तिनें ‘एस्. पी. क्यू. आर्.’मध्यें पानोपानीं तळटीपा देऊं नयेत, शेवटीं अधिक वाचनाच्या सूचनांवर भागवावें, हें आम्हांस विसंगत वाटतें. तळटीपांनीं सामान्य वाचक भितो अशी प्रकाशकांची समजूत असते. पण ज्याला पंच म्हणून बसविलें त्याला कागद पाहण्याचा हक्क नको काय?

दुसरी गोष्ट बादशहांची. ऑगस्टसनंतरचे चौदा बादशहा बाई एकाच मापानें मोजतात. गादीवर नीरो असो वा मार्कस ऑरिलिअस असो, दूरच्या प्रांतांतील शेतकऱ्याला फरक थोडाच पडे, हें म्हणणें खरें आहे. परंतु ज्यांचें डोकें धडावर राहणें बादशहाच्या लहरीवर अवलंबून असे, त्यांना तो फरक होता. याचा उत्तम दाखला बाईंच्याच हास्यविषयक ग्रंथाच्या आरंभीं आहे. इ. स. १९२ सालीं कॉमोडस बादशहानें रंगणांत एका शहामृगाचें मुंडकें छाटलें आणि तें हातांत नाचवीत तो सेनेटरांपुढें दांत विचकून उभा राहिला. त्याचा तो अवतार पाहून डायो या सेनेटराला हंसूं आवरेना. हंसावें तर जीव जाणार! तेव्हां त्यानें डोक्यावरील माळेंतील पानें तोडून चघळण्यास सुरुवात केली व वेळ निभावून नेली. पुढें डायोनें लिहिलेली ही हकीकत तरी कितपत भरंवशाची, असें बाई तेथेंहि विचारतातच. पण हें वाचल्यावर ‘बादशहा कोण होता याला महत्त्व नाहीं’ या मताला आमची मान डोलत नाहीं.

तिसरी गोष्ट शैलीची. रोमचा इतिहास हा एके काळीं महावाङ्मयाचा विषय होता. १७७६ ते १७८८ या काळांत गिबननें तो गजगतीच्या डौलानें लिहिला. मॉमसेननें १८५४ पासून तीन वर्षांत आपल्या रोमन इतिहासाचे तीन खंड काढले, आणि १९०२ सालीं त्याला साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. हे लेखक न्यायासनावरून बोलत. मॉमसेनचें सीझरवरील प्रेम व सिसेरोविषयींची तुच्छता वाचकाला मुकाट्यानें मान्य करावी लागे. बाई झोपाळ्यावर बसून गप्पा माराव्या तसें लिहितात. त्यांत मोकळेपणा आहे, पण भव्यता नाहीं. आणि आजच्या राजकारणांतील व रोजच्या जीवनांतील जे दाखले त्या वारंवार देतात ते आणखी वीस वर्षांनीं शिळे वाटतील, अशी आम्हांस भीति आहे.

तरीहि आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाला उत्तर देतांना आम्ही बाईंच्या बाजूनेंच उभे राहूं. न्यायासनावरून बोलणारा इतिहासकार वाचकाला भक्त करतो. शंका वाटून घेणारा इतिहासकार त्याला जाणता करतो. पूर्वजांचा इतिहास हा जेथें उठतां बसतां भांडणाचा विषय होतो, तेथें ‘हें कशावरून?’ असें शांतपणें विचारतां येणें व ‘निश्चित ठाऊक नाहीं’ हें उत्तर न रागावतां ऐकतां येणें, हें विद्वत्तेचें भूषण नसून नागरिकाची गरज आहे. ती संवय रोमच्या इतिहासावर लागणें अधिक सोपें; कारण रोम्युलस खोटा ठरला तर आमच्यापैकीं कोणाच्याहि भावना दुखावणार नाहींत. रोमवर एकदां हात बसला म्हणजे घरच्या इतिहासाला हात घालण्याचें धैर्य येईल.

आणि घरचा इतिहास त्या जगापासून फार दूरहि नाहीं. १९३८ सालीं पॉम्पेईच्या उत्खननांत हस्तिदंताची एक छोटी भारतीय स्त्रीमूर्ति सांपडली. ती नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. तिला प्रथम लक्ष्मी म्हटलें गेलें. पुढें पुष्कळ अभ्यासक तिला यक्षी मानूं लागले. तिच्याशीं साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ति धाराशिव जिल्ह्यांतील तेर व जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें मिळाल्या आहेत. ती मूर्ति कोणाची, कोरली कोठें, कोणत्या बंदरांतून गेली, पॉम्पेईंतल्या त्या घरांत तिच्याकडे कोण कोणत्या नजरेनें पाहत असे? या प्रश्नांचा चीक पुसून टाकून नव्हे, तर वाचकाच्या हाताला तेल लावून तेरचा, भोकरदनचा, पैठणचा इतिहास मराठींत कोणी सांगेल काय? बाईंचीं पुस्तकें वाचून मिटतांना आमच्या मनांत राहिली ती ही इच्छा. ज्यांना रोमची ओळख करून घ्यावयाची असेल त्यांनीं आधीं ‘पॉम्पेई’ वाचावें व मग ‘एस्. पी. क्यू. आर्.’कडे वळावें. आमच्या स्नेह्यांनाहि आम्हीं तेंच सांगितलें आहे. ‘पॉम्पेई’ सध्यां त्यांच्याकडे आहे, आणि या खेपेस तें अद्याप परत आलेलें नाहीं.